तीस टनांची कापडी होडी

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर कूर्सल-सुर-मेर नावाचं एक लहानसं बंदर आहे. कालवांसाठी प्रसिद्ध असलेलं. त्या गावात समुद्राजवळच्या मोकळ्या जागेत एक शर्मन रणगाडा उभा आहे. नाव 'बोल्ड'. युद्धाच्या आठवणी जपणारे रणगाडे युरोपात गावोगावी दिसतात, पण हा थोडा वेगळा. ६ जून १९४४ रोजी तो किनाऱ्याकडे निघाला आणि पोचला मात्र १९७० साली. मधली २६ वर्षं तो समुद्राच्या तळाशी होता.

त्याला वर काढण्यासाठी खटपट करणाऱ्यांमध्ये लिओ गॅरिएपी हा कॅनडाचा माजी सार्जंट होता. ६ जूनच्या सकाळी तो तशाच एका रणगाड्यातून याच किनाऱ्यावर उतरला होता. युद्धानंतर तो इथंच राहायला आला. त्याचा रणगाडा पोचला होता, त्याच्याच 'फर्स्ट हुसार्स' या रेजिमेंटचे काही पोचले नव्हते. 'बोल्ड' त्या न पोचलेल्यांपैकी.

पण रणगाडा समुद्रात बुडालाच कसा? नौका बुडाली असती तर तिच्यासोबत तोही गेला असता, ते समजलं असतं. तसं झालं नव्हतं. हा रणगाडा नौकेतून स्वतःहून पाण्यात उतरला होता आणि किनाऱ्याकडे पोहत निघाला होता.

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना रणगाड्याशेजारी उभं राहिल्यावर काय वाटतं ते ठाऊक आहे. पोलादी पट्ट्याची एकेक कडी हातात धरवत नाही. उन्हात तापलेल्या त्या पत्र्यावर टकटक केलं तर आवाजसुद्धा येत नाही, इतका तो जाड. असलं धूड पाण्यावर तरंगेल असं कुणी सांगितलं तर आपण हसून पुढे जाऊ. ब्रिटिश सेनेतल्या कित्येकांनी तेच केलं असणार.

*

हसला नाही तो निकोलस स्ट्रॉसलर. हा मूळचा हंगेरीचा अभियंता, १९३३ साली ब्रिटिश नागरिक झालेला. रणगाड्याला पाण्यावर तरंगवायचे प्रयत्न त्याच्याआधीही झाले होते. दोन्ही बाजूंना मोठाले पोकळ तराफे बांधायचे, ही त्यातली सरळ युक्ती. पण तराफे बांधले की रणगाडा इतका रुंद होतो की तो नौकेत मावत नाही. आणि नौकेतून न्यायचा नसेल तर समुद्र ओलांडणार कसा?

स्ट्रॉसलरनं प्रश्न उलटा केला. घासायला टाकलेलं पितळी पातेलं बादलीत सरळ ठेवलं तर तरंगतं, कलंडलं की बुडतं. पितळ तेच, पाणी तेच. फरक असतो तो काठांचा. मग रणगाड्याला तराफे कशाला? त्याला काठच लावून द्यावेत. म्हणजे रणगाडा हे पातेल्याचं बूड, आणि त्याच्याभोवती उभी राहणारी, हवी तेव्हा घडी होणारी भिंत म्हणजे काठ. ती भिंत त्यानं केली जलरोधक कॅनव्हासची. आपल्या ट्रकवरच्या ताडपत्रीची थोरली बहीण म्हणा.

हिशेब साधा आहे. तीस टनांहून जड शर्मन तरंगवायचा तर तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारलं पाहिजे. म्हणजे तीस हजार लिटरच्या वर. उन्हाळ्यात आपल्या गावांत येणारे दहा हजार लिटरचे तीन टँकर भरतील इतकं. एवढ्या पाण्याला रोखून धरायचं काम एका कापडाकडे. ते उभं राहावं म्हणून आतून रबराच्या ३६ उभ्या नळ्या. बाटल्यांमधली दाबाखालची हवा नळ्यांत सोडली की साधारण पंधरा मिनिटांत पडदा वर चढायचा, मग धातूच्या कड्या आणि टेकू त्याला ताठ धरायचे. मागच्या बाजूला दोन प्रोपेलर. रणगाड्याचे पट्टे फिरले की त्यांच्या मागच्या चाकांवरून प्रोपेलरना गती मिळायची. जमिनीवर पट्टे, पाण्यात प्रोपेलर अशी ही दुहेरी चाल. इंग्रजीत 'डुप्लेक्स ड्राइव्ह', म्हणून नाव पडलं डीडी. सैनिकांनी त्याचं लगेच 'डोनाल्ड डक' करून टाकलं.

पाण्यात वेग ताशी सात किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. रणगाडा स्वतः पाण्याच्या पातळीखाली लोंबकळत असायचा. वर दिसायचं ते जेमतेम तीन फूट कापड. चालकाला समोर कापडाशिवाय काही दिसत नसे. रणगाड्याचा प्रमुख मागच्या बाजूच्या फळीवर उभा राहून पडद्यावरून डोकं बाहेर काढायचा, दिशा सांगायचा आणि सुकाणू सांभाळायचा. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी तरी कापडी होडीत उभं राहून येतंय. त्या होडीच्या पोटात तोफ आहे हे शत्रूला कळायचं ते पट्टे वाळूला टेकून पडदा खाली पडला की. सगळी मदार त्या अचानक होणाऱ्या दर्शनावर होती.

जून १९४१मध्ये लंडनजवळ हेन्डनच्या जलाशयात 'टेट्रार्क' या हलक्या रणगाड्यावर ही कल्पना जनरल अ‍ॅलन ब्रूक यांच्यासमोर तपासली गेली. टेट्रार्क तरंगला. पुढे 'व्हॅलेंटाइन'वर पडदे चढले आणि शेवटी शर्मनवर. व्हॅलेंटाइनची तोफ पोहताना मागे वळवून ठेवावी लागे, शर्मनची मात्र समोरच राही. किनाऱ्याला लागताक्षणी गोळा झाडायचा असेल तर हा फरक मोठा.

*

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर दिएप या फ्रेंच बंदरात आहे. १९ ऑगस्ट १९४२ रोजी तिथं घातलेल्या छाप्यात सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिक उतरले. नऊशेहून अधिक मेले, बाकीच्यांत बरेच पकडले गेले. रणगाडे किनाऱ्यावरच्या गोट्यांत फसले. जे वर चढले त्यांना गावात शिरायच्या वाटा बंद सापडल्या. एकही परतला नाही. त्यातून सेनानींनी धडा घेतला: किनाऱ्यावर पहिलं पाऊल टाकणाऱ्या पायदळाबरोबर, त्याच मिनिटाला, रणगाडा हवा. आणि तो वाहून नेणारी मोठी नौका किनाऱ्यापर्यंत नेली तर ती आयतं लक्ष्य ठरते; एका गोळ्यात चार-पाच रणगाडे जातात. मग नौकांनी दूरच थांबावं आणि रणगाड्यांनी सुटं सुटं पोहत यावं.

असल्या विचित्र यंत्रांसाठी ब्रिटिशांनी ७९वी चिलखती डिव्हिजन वापरली. तिचा प्रमुख मेजर जनरल पर्सी होबार्ट. या गृहस्थाचा जन्म १८८५ सालचा, आपल्या नैनितालचा. रणगाड्यांच्या बाबतीत बुद्धी अफाट आणि वरिष्ठांशी जमवून घेण्याच्या बाबतीत शून्य. इजिप्तमध्ये त्यानं घडवलेली डिव्हिजन पुढे वाळवंटातल्या लढायांत गाजली, पण १९४० साली त्याला सक्तीनं निवृत्त करण्यात आलं. मग हा माणूस आपल्या गावच्या होमगार्डमध्ये चक्क लान्स कॉर्पोरल म्हणून पहारा देऊ लागला. चर्चिलनं त्याला तिथून उचलून परत आणलं. सुरुंग झोडपत जाणारे साखळ्यांचे रणगाडे, आग ओकणारे, खंदकावर पूल टाकणारे अशी सगळी जत्रा त्याच्या हाताखाली जमली. लोक तिला 'होबार्टचे चमत्कारिक' म्हणत. डीडी त्यातलाच एक.

होबार्टनं शिकवणीत कसर ठेवली नाही. आधी गोड्या पाण्याच्या तलावात, मग समुद्रात. गॉस्पोर्टला पाणबुडीवाल्यांच्या तळावर रणगाड्याचं धूड एका खोल हौदात ठेवलेलं असे. पाच जणांनी आत बसायचं, वरून पाणी सोडलं जायचं, गळ्यापर्यंत, मग डोक्यावर. श्वसनयंत्राची नळी तोंडात धरून, न घाबरता, एकेकानं बाहेर यायचं. रणगाडा बुडणार नाही असं कुणीही त्यांना सांगत नव्हतं.

४ एप्रिल १९४४ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्टडलंडच्या उपसागरात सराव होता. व्हॅलेंटाइन डीडी पाण्यात उतरले आणि हवा फिरली. वारा चढला, लाटा वाढल्या. सहा रणगाडे बुडाले, सहा जण गेले. तिथं आज त्यांची स्मृतिशिळा आहे. दोन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, त्याच किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या निरीक्षण कोठडीतून राजे सहावे जॉर्ज, चर्चिल, आयसेनहॉवर आणि मॉन्टगोमेरी सराव पाहून गेले.

स्टडलंडनं जे सांगितलं ते नवं नव्हतं. हा पडदा साधारण फूटभर उंचीच्या लाटांसाठी होता. वाऱ्याचा जोर एका मर्यादेपुढे गेला तर पाण्यात उतरायचं नाही, हे ठरलेलं होतं. 'उतरायचं नाही' असं प्रत्यक्ष त्या क्षणी कोण म्हणणार, एवढंच उरलं होतं.

*

जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये सैन्य उतरवण्याची नॉर्मंडीची मोहीम ५ जूनची होती. वादळामुळे एक दिवस पुढे गेली. ६ जूनच्या पहाटे वादळ ओसरलं होतं, समुद्र नव्हता. ओमाहा या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यासमोर लाटा पाच-सहा फुटांच्या होत्या.

ओमाहावर अमेरिकनांच्या दोन रणगाडा बटालियन होत्या. पूर्वेला ७४१वी, पश्चिमेला ७४३वी. दोन्हींकडे ३२-३२ डीडी. प्रत्येक नौकेत चार. पायदळ साडेसहाला उतरणार होतं, रणगाड्यांनी त्याच्या पाच मिनिटं आधी वाळूवर हजर असायचं होतं. किनाऱ्यापासून साडेपाच किलोमीटरवर पाण्यात सोडायचं, असा बेत. हवामान पाहून सोडायचं की नाही, हा निर्णय मात्र जागेवरच्या अधिकाऱ्यांकडे ठेवलेला होता. ती तरतूद शहाणपणाची होती.

पूर्वेकडे ७४१व्या बटालियनचे कॅप्टन जेम्स थॉर्नटन आणि कॅप्टन चार्ल्स यंग रेडिओवर एकमेकांशी बोलले. सोडायचं ठरलं. पावणेसहाच्या सुमारास नौकांचे रॅम्प खाली आले आणि रणगाडे एकामागून एक पाण्यात उतरू लागले. काही उतरता उतरताच गेले. काही मिनिटभर गेले, काही बरेच पुढे गेले. लाट पडद्यावर आदळली की टेकू वाकायचे, कापड आत दुमडायचं, आणि मग तीस टन लोखंडाला तरंगायचं काही कारण उरायचं नाही. २९ रणगाडे पाण्यात उतरले, २७ बुडाले. दोन पोहत किनाऱ्याला लागले. सोबत हवेनं फुगवायचे तराफे आणि जॅकेटं होती म्हणून बरीच माणसं वाचली, सगळी नाही.

उरलेले तीन कसे वाचले? त्यांच्या नौकेतला पहिला रणगाडा उतरला आणि डोळ्यांदेखत बुडाला. लाटेच्या हिसक्यानं मागच्या तिघांचे पडदे फाटले होते. नौकेवरच्या तरुण अधिकाऱ्यानं रॅम्प वर घेतला आणि नौका सरळ किनाऱ्याकडे हाकली. तिन्ही रणगाडे कोरड्या अंगानं वाळूवर उतरले. म्हणजे ३२पैकी पाच. त्यातले तीन न पोहलेले.

पश्चिमेकडे नौकांच्या तांड्यावर नौदलाचा लेफ्टनंट डीन रॉकवेल होता. त्यानं समुद्राकडे पाहिलं. रणगाड्याच्या रेडिओवरून ७४३व्या बटालियनच्या कॅप्टन नेड एल्डरशी बोलला. दोघांचं एकमत झालं: पाण्यात सोडायचे नाहीत. नौका जिथवर नेता येतील तिथवर न्यायच्या, गोळ्यांखाली, आणि रणगाडे वाळूवर उतरवायचे. डीडीचा जन्म ज्या भीतीतून झाला होता, ती भीती डोळ्यांसमोर असताना त्यांनी ती पत्करली. नौकांवर गोळे पडले, रणगाड्यांवरही पडले, पण रणगाडे किनाऱ्याला लागले.

समुद्र तोच, यंत्र तेच, सकाळ तीच. अंतर काही किलोमीटरांचं. एका रेडिओवर 'हो' म्हटलं गेलं, दुसऱ्यावर 'नाही'.

या 'नाही'मुळे पश्चिमेकडे सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नये. व्हिएरव्हीलच्या घळीसमोर उतरलेल्या ११६व्या पायदळ रेजिमेंटच्या पहिल्या तुकड्या जवळजवळ कापल्या गेल्या. ओमाहावर त्या एका दिवसात दोन हजारांहून अधिक अमेरिकन मेले, जखमी झाले किंवा हरवले. रणगाडा असला तरी मृत्यू टळत नव्हता. पण वाळूत पालथ्या पडलेल्या माणसाला आडोसा म्हणून आणि समोरच्या बंदुकीला उत्तर म्हणून रणगाडा होता, आणि पूर्वेकडच्या माणसाला त्या घटकेला तो फारसा नव्हता.

*

'हो' म्हणणाऱ्या दोन कॅप्टनांवर आज खुर्चीत बसून बोट दाखवणं सोपं आहे. त्यांच्या जागी उभं राहून पाहावं. कित्येक महिने एकाच क्षणाची तयारी केलेली. मागून पायदळ येतंय, त्याला रणगाड्यांचं वचन दिलेलं. आपण सोडले नाहीत आणि नौकाच बुडाल्या तर? शिवाय लाटांची उंची नौकेच्या कठड्यावरून नेमकी कळत नाही. ती कळते पाण्यात उतरल्यावर. सगळ्या तयारीचा ओढा 'हो'कडे असतो. 'नाही' म्हणायला त्या ओढ्याविरुद्ध पोहावं लागतं, आणि ते पोहणं कोणत्याच हौदात शिकवलेलं नसतं.

त्यांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट सांगता येते. त्याच सकाळी दुसऱ्या किनाऱ्यांवर डीडी पोहत गेले आणि पोचलेही. सोर्ड किनाऱ्यावर ब्रिटिशांच्या १३व्या/१८व्या रॉयल हुसार्सनी साडेचार किलोमीटरांच्या आसपास ३४ रणगाडे सोडले, ३१ पोचले. पडदे पडले, तोफा दिसल्या, आणि स्ट्रॉसलरच्या कल्पनेत होतं तसंच घडलं. युटा किनारा कोतांतँ द्वीपकल्पाच्या आडोशाला. तिथं रणगाडे जवळून सोडले. ३२पैकी चार गेले ते नौकेला सुरुंग लागून, पडद्यामुळे नव्हे; उरलेले जवळजवळ सगळे पोचले. गोल्ड किनाऱ्यावर बहुतेकांनी पोहण्याचा नाद सोडून अगदी जवळ किंवा थेट वाळूवर उतरवले. जूनोवर दोन्ही झालं. गॅरिएपी पोचला, 'बोल्ड' बुडाला.

मग ओमाहाच्या पूर्वेलाच एवढा घात का? लाटा आणि अंतर ही दोन कारणं उघड आहेत. तिसरं नंतर पुढे आलं. समुद्रतळावर पडलेल्या रणगाड्यांचा शोध घेतला गेला तेव्हा एक तर्क मांडला गेला. भरतीचा प्रवाह सगळ्यांना पूर्वेकडे ओढत होता. चालवणाऱ्यांना खूण दिली होती ती कोलव्हीलच्या चर्चच्या कळसाची. कळस बाजूला सरकू लागला की त्याच्याकडे पुन्हा तोंड करायचं, म्हणजे लाटा घ्यायच्या कुशीवर. पडद्याची सगळ्यात कच्ची बाजू तीच. शिकवल्याप्रमाणे दिशा धरून ठेवणाऱ्याला ती दिशाच नडली. ज्याला होडीची सवय आहे तो लाट कुशीवर घेत नाही; भरकटला तरी तोंड किंवा पाठ लाटेला देतो आणि जिथं लागेल तिथं लागतो. पण हे रणगाडेवाले होते. त्यांना समुद्र शिकवला होता तो ओलांडायची जागा म्हणून.

*

नंतर डीडी वापरले गेले: ऑगस्ट १९४४मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर, मार्च १९४५मध्ये ऱ्हाइन ओलांडताना, इटलीतल्या नद्यांवर. नदीत लाटा नसतात, तिथं कापडानं काम चोख केलं. पण भर समुद्रातून पोहत येणारा रणगाडा ही कल्पना हळूहळू मागे पडली. युद्धानंतर रशियनांनी दुसरा रस्ता धरला. कापड नको, रणगाडाच इतका हलका आणि पोकळ करा की तो आपोआप तरंगेल. त्यातून निघाला चौदा टनांचा पीटी-७६. पाण्याची चिळकांडी मागे सोडून तो पोहतो. मोबदल्यात चिलखत इतकं पातळ की मोठा गोळा सहज आरपार जावा. पाणी फुकट काही देत नाही. कापडात नाही घेतलं तर पोलादात वसूल करतं.

हा रणगाडा आपल्या सेनेतही आला. १९७१च्या नोव्हेंबरात, बांगलादेश युद्धाच्या तोंडावर, पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६नी पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांचा फडशा पाडला. आपल्या जवानांनी त्याला नाव दिलं होतं 'पिप्पा'. रिकामा तुपाचा डबा विहिरीत टाकला तर जसा तरंगतो, तसा तरंगणारा. २०२३ साली त्या नावाचा सिनेमाही आला.

त्याच युद्धात, डिसेंबरात, ढाक्याच्या वाटेवर मेघना आडवी आली. पूल उडवलेला. सैन्य हेलिकॉप्टरांतून पलीकडे उतरू लागलं आणि पीटी-७६ पाण्यात उतरले. पोहण्यासाठीच तर ते घेतले होते. मेघना मात्र ते ज्यासाठी बांधले होते त्यापेक्षा रुंद निघाली. अर्ध्या तासाच्या आसपास इंजिनं तापायला लागली, आणि पलीकडचा काठ अजून लांब होता.

तेव्हा काठावरच्या गावांतून नावाडी आले. त्यांच्याकडे लाकडी होड्या होत्या आणि दोर होते. दोर रणगाड्यांना बांधले गेले, आणि ज्या माणसांनी त्या नदीचं पाणी रोज पाहिलं होतं ती माणसं भारतीय सेनेचे पोहणारे रणगाडे ओढत ओढत पलीकडे घेऊन गेली.